सहा सेंटिमीटरच्या वर्तुळात

जून लागला की भडगावच्या बाजारपेठेत वह्या-पुस्तकांच्या दुकानांवर पोरांची झुंबड उडते. बियाण्याची खरेदी आणि शाळेची खरेदी एकाच सुमाराला येते. हायस्कुलात गेलेल्या मुलासाठी त्यात एक पत्र्याची चपटी डबी हमखास असते, कंपासपेटी. आत पट्टी, दोन गुण्ये, कोनमापक, डिव्हायडर, खोडरबर, शार्पनर आणि कंपास. डबीला नाव कंपासचं, पण वर्षभरात सगळ्यात कमी हात त्यालाच लागतो. भौमितिक रचनांचा धडा आला की तो बाहेर निघतो, दोन-चार कंस मारले जातात, गुण मिळतात आणि डबी बंद होते.

मला याची फार हळहळ वाटते. पट्टी अंतर मोजते, कोनमापक कोन मोजतो. कंपासवर एकही आकडा नसतो. त्याला एकच गोष्ट येते: एक अंतर धरून ठेवायचं आणि ते न बदलता फिरायचं. एवढ्याशा गुणावर त्रिकोण, चौरस, पंचकोन, षट्कोन उभे राहतात, आणि एका ठिकाणी येऊन हे सगळं अचानक थांबतं. ते ठिकाण आपल्या हातानं गाठता येतं. तिथे पोचायला आकड्यांची जी यादी लागते ती आपल्याच खान्देशाशी नातं असलेल्या एका ग्रंथात आहे.

भडगावहून चाळीसगाव आणि चाळीसगावहून पुढे पाटणादेवी, असा तास-दीड तासाचा रस्ता आहे. डोंगरांच्या कुशीत, गौताळा अभयारण्याच्या जंगलात चंडिकादेवीचं हेमाडपंती देऊळ आहे आणि लोक तिथे दर्शनाला किंवा पावसाळ्यात धबधबे बघायला जातात. यादवांच्या काळात तिथे पाटण नावाचं नांदतं गाव होतं. तिथल्या शिलालेखाची माहिती डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रसिद्ध केली. लेख इ.स. १२०७ चा. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी चांगदेव नावाचा ज्योतिषी होता. त्यानं आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव, हेमाडिदेव या सरदार भावांनी त्या मठाला दान दिलं. आजोबा म्हणजे भास्कराचार्य. संस्कृत लेखाचा शेवट चक्क त्या काळच्या मराठीत आहे, कारण तो भाग बाजारातल्या लोकांना कळायला हवा होता. कोणत्या मालावर मठाचा किती हक्क, तेलाच्या घाण्यामागे किती पळी तेल, असा रोखठोक हिशेब त्यात आहे. गणिताच्या अभ्यासाला गावच्या घाण्यावरून तेल जात होतं, हे वाचून मला अजूनही भरून येतं.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या आसऱ्याचं विज्जडवीड असं सांगितलं आहे आणि ते नेमकं कोणतं यावर विद्वानांचा वाद आहे. पण त्यांचा ग्रंथ शिकवण्यासाठी मठ कुठे निघाला, हे दगडावरच कोरलेलं आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचा अंकगणित आणि क्षेत्रगणिताचा भाग. त्यात वर्तुळाच्या प्रकरणात सात आकड्यांची एक यादी आहे. वर्तुळाचा व्यास १,२०,००० धरला, तर त्याच्या आत नेमक्या बसणाऱ्या समान बाजूंच्या आकृतीची एक बाजू किती, हे ती यादी सांगते. त्रिकोणाची १,०३,९२३. चौकोनाची ८४,८५३. पंचकोनाची ७०,५३४. षट्कोनाची ६०,०००. सप्तकोनाची ५२,०५५. अष्टकोनाची ४५,९२२. नवकोनाची ४१,०३१. पुढे उदाहरणही आहे: व्यास २,००० असेल तर या सगळ्यांच्या बाजू सांग.

आता कंपास घ्या आणि पट्टीवर ठेवून त्यात ६ सेंटिमीटर अंतर घ्या. व्यास झाला १२ सेंटिमीटर. म्हणजे भास्कराचार्यांचा प्रत्येक आकडा १०,००० नं भागला की तुमच्या कागदावरचे सेंटिमीटर मिळतात. त्रिकोणाची बाजू १०.३९२३, चौकोनाची ८.४८५३, पंचकोनाची ७.०५३४. यापुढे आपण कोन मोजायचा नाही आणि अंतरही मोजायचं नाही. फक्त रेघा आणि कंस काढायचे, आणि रचना पुरी झाली की पट्टी लावून साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या यादीशी ताडून बघायचं.

कंपास हाताळण्यापुरतं आधी थोडं सांगतो, कारण वर्गात नेमकं हेच राहून जातं. कंपास मिटल्यावर सुईचं टोक आणि पेन्सिलीचं टोक एका पातळीत यायला हवं. पेन्सिल खाली-वर असेल तर पाय तिरपे पडतात आणि सुई घसरते. पेन्सिलीला बारीक टोक करा. कागदाखाली वही ठेवा, म्हणजे सुई रुतून बसेल; नुसत्या बाकावर ती सरकते. पायांना हात न लावता वरची मूठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा, कंपास फिरवायच्या दिशेला जरासा कलता ठेवा आणि एका दमात फिरवा. पायांना धरून रेटलं की बिजागरी थोडीशी उघडते, आणि वर्तुळाचा शेवट त्याच्या सुरुवातीला मिळत नाही, रेघ जराशी बाहेर जाते. बिजागरीचा स्क्रू आवळून ठेवणं म्हणजे निम्मी भूमिती आहे असं मी मानतो.

वर्तुळ काढलंत. केंद्राला ‘म’ म्हणू. कंपासमधलं अंतर अजिबात न बदलता परिघावर कुठेही सुई ठेवा. तो बिंदू ‘अ’. तिथून परिघावर एक कंस मारा, तो ‘ब’. ‘ब’वर सुई ठेवून पुढचा ‘क’, मग ‘ड’, मग ‘इ’, मग ‘फ’. ‘फ’वरून मारलेला कंस बरोबर ‘अ’मधून जातो. पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीएवढीही चूक होत नाही. मुलं हे दहा वेळा करतात, फूल काढतात, रंगवतात. पण त्रिज्या आपल्याच परिघावर बरोबर सहाच वेळा का मावते, हे क्वचितच कुणी विचारतं. ‘म’, ‘अ’, ‘ब’ जोडून बघा. तिन्ही बाजू त्रिज्येएवढ्याच, म्हणून त्रिकोण समभुज, म्हणून केंद्राशी कोन ६० अंशांचा. असे सहा कोन म्हणजे ३६०, एक पूर्ण फेरा. षट्कोनाची बाजू त्रिज्येएवढी, ६०,०००. यादीतला एक आकडा मिळाला, आणि तो मिळवायला कंपासचं अंतर बदलावंही लागलं नाही.

एक बिंदू सोडून एक बिंदू घ्या: ‘अ’, ‘क’, ‘इ’. समभुज त्रिकोण. ‘अक’ला पट्टी लावा, १० सेंटिमीटर ४ मिलिमीटरला केसभर कमी. भास्कराचार्य सांगतात १०.३९२३.

अजून एक गोष्ट या सहा बिंदूंतच दडलेली आहे. ‘अ’पासून तीन पावलांवरचा ‘ड’ हा ‘अ’च्या बरोबर समोर येतो. म्हणजे ‘अ’, ‘म’, ‘ड’ एका सरळ रेषेत आहेत, आणि ती रेषा आपण काढलेली नाही. कंपासला सरळ रेघ येत नाही, पण सरळ रेषेवरचे बिंदू तो बिनचूक दाखवतो.

हे धागे ओढत गेलं तर किती लांब जाता येईल? डेन्मार्कच्या गेऑर्ग मोर यानं १६७२ साली आणि इटलीच्या लोरेंझो मास्केरोनी यानं १७९७ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचं उत्तर दिलं. पट्टी आणि कंपास मिळून जे जे बिंदू सापडतात, ते सगळे एकट्या कंपासनं सापडतात. मोरचं पुस्तक विस्मरणात गेलं होतं आणि १९२८ साली पुन्हा उजेडात आलं. मास्केरोनीनं आपलं पुस्तक नेपोलियनला अर्पण केलं होतं. नेपोलियनला भूमितीची आवड होती, म्हणून फक्त कंपासनं वर्तुळाचे चार समान भाग करण्याच्या प्रश्नाला त्याचंच नाव पडलं.

तो प्रश्न आपल्या वर्तुळात सोडवू. ‘अक’ एवढं अंतर कंपासमध्ये घ्या. ‘अ’वर सुई ठेवून वर्तुळाच्या वरच्या अंगाला, बाहेर, एक कंस मारा. तेवढ्याच अंतरानं ‘ड’वर सुई ठेवून दुसरा कंस मारा. दोन्ही जिथे छेदतात तो ‘प’. आता कंपासमध्ये ‘मप’ एवढं अंतर घ्या. हीच चौरसाची बाजू. ‘अ’पासून परिघावर फिरवत न्या, चार पावलांत पुन्हा ‘अ’वर. पट्टी लावली तर ‘मप’ भरतं ८ सेंटिमीटर ५ मिलिमीटरला किंचित कमी; यादीत ८.४८५३. कारण पायथागोरसच्या सिद्धांतातच आहे. ‘अक’चा वर्ग त्रिज्येच्या वर्गाच्या तिप्पट आहे. ‘मअप’ हा काटकोन त्रिकोण आहे. तिपटीतून ‘मअ’चा एक वर्ग गेला, दोन उरले. म्हणून ‘मप’ म्हणजे त्रिज्या गुणिले √२.

दोन्ही बाजूंना सारखे कंस मारायचे आणि छेदनबिंदूतून रेषा न्यायची, ही युक्ती आपल्याकडे फार जुनी. शुल्बसूत्रांमध्ये वेदी आखणारे दोरी आणि खुंटी वापरत. खुंटीला अडकवलेली ताणलेली दोरी म्हणजे कंपासच, कागदाऐवजी जमिनीवर चालणारा. विहीर खोदायच्या आधी खुंटी ठोकून दोरीनं गोल आखतात, तीही हीच रीत. ज्योतिषग्रंथांत दिशा काढण्यासाठी सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ खुंट, उभा करत आणि त्याच्याभोवती वर्तुळ काढत. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे एक खूण आणि दुपारनंतर जिथे शिवतं तिथे दुसरी. दोन खुणांमधली रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. मग दोन्ही खुणांवरून सारख्या दोरीनं वर्तुळं काढत. दोन वर्तुळं एकमेकांत शिरली की मध्ये जो निमुळता आकार होतो त्याला मत्स्य म्हणत. माशाच्या तोंडातून शेपटीपर्यंत दोरी ताणली की दक्षिण-उत्तर. सहावी-सातवीतला लंबदुभाजक तो हाच मासा. वहीत आपण माशाची फक्त दोन टोकं काढतो, अंग काढायचा कंटाळा करतो.

पंचकोनासाठी हा मासा लागेल आणि आता पट्टीही हातात घेऊ, नाहीतर कंसांची गर्दी फार होईल. ‘अ’पासून ‘ड’पर्यंत व्यासाची रेघ ओढा. ‘म’ आणि ‘प’ जोडा. ही रेघ परिघाला जिथे छेदते तो ‘त’. ‘मत’ व्यासाला लंब आहे. आता ‘मड’चा मध्य काढा, लंबदुभाजकानंच. त्याला ‘र’ म्हणू. ‘र’वर सुई ठेवा, ‘त’पर्यंत अंतर घ्या आणि कंस खाली फिरवत आणून ‘मअ’ या रेघेला छेदा. तो बिंदू ‘न’. ‘त’पासून ‘न’पर्यंतचं अंतर कंपासमध्ये घ्या आणि परिघावर चालत जा: एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवा कंस पहिल्या बिंदूवर येऊन मिळतो.

षट्कोन जुळला तेव्हा कारण डोळ्यांना दिसत होतं. इथे तसं दिसत नाही. अर्ध्या त्रिज्येवरचा एक बिंदू, एक तिरका कंस, आणि त्यातून वर्तुळाचे पाच सारखे भाग! हिशेब करून बघू. त्रिज्या ६. ‘मर’ ३. ‘रत’चा वर्ग ९ अधिक ३६, म्हणजे ४५. त्याचं वर्गमूळ ६.७०८२. त्यातून ३ गेले, ‘मन’ उरला ३.७०८२. त्याचा वर्ग १३.७५०८, त्यात ३६ मिळवले की ४९.७५०८, आणि त्याचं वर्गमूळ ७.०५३४. यादीतला आकडा ७०,५३४. शेवटच्या अंकापर्यंत तोच. यात योगायोग नाही. ‘सिद्धांतशिरोमणी’च्या ज्योत्पत्ति प्रकरणात १८ आणि ३६ अंशांच्या ‘ज्या’ (आजचं साइन गुणिले त्रिज्या) वर्गमुळांनी काढायच्या रीती भास्कराचार्यांनी दिल्या आहेत, आणि पंचकोनाची बाजू म्हणजे ३६ अंशांच्या ज्येची दुप्पट. जाता जाता, ‘मन’ एवढं अंतर घेऊन परिघावर फिरलात तर दहा पावलांत फेरा पुरा होतो. दशकोन फुकटात मिळाला.

अष्टकोन सोपा. चौरसाच्या दोन शेजारच्या बिंदूंमधला कोन दुभागा, परिघावर नवा बिंदू मिळतो. बाजू मोजा, ४.५९ सेंटिमीटर. यादीत ४.५९२२.

तीन, चार, पाच, सहा, आठ. पाचही आकडे मी आजच्या पद्धतीनं तपासले. पाचही, जवळच्या पूर्णांकापर्यंत, अचूक आहेत. राहिले सात आणि नऊ.

सप्तकोनाची खरी बाजू ५२,०६६ येते. भास्कराचार्यांनी दिली आहे ५२,०५५. अकरा कमी. नवकोनाची खरी बाजू ४१,०४२. त्यांनी दिली आहे ४१,०३१. पुन्हा अकरा कमी.

सातांतले पाच तंतोतंत आणि दोनच चुकलेले, हे लक्षात आल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली होती. कारण तुमच्या-आमच्या कंपासला या यादीतले कोणते आकार काढता येत नाहीत असं विचाराल, तर उत्तर हेच दोन आहे: सप्तकोन आणि नवकोन. हात बसला नाही म्हणून किंवा रीत अजून सापडली नाही म्हणून ते अडलेले नाहीत. पट्टी आणि कंपास वापरून ते अचूक काढताच येत नाहीत, आणि ते येत नाहीत याची सिद्धता आहे.

कारण समजायला अवघड नाही. आपण वर प्रत्येक पायरीला काय करत होतो ते आठवा. पट्टीनं रेघा छेदल्या की लांबींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार होतो. कंस रेघेला किंवा दुसऱ्या कंसाला छेदतो तेव्हा पायथागोरस मध्ये येतो आणि एक वर्गमूळ घ्यावं लागतं. याच्या पलीकडे कंपासकडे काही नाही. त्रिज्या १ धरली तर त्रिकोणाची बाजू √३, चौरसाची √२, अष्टकोनाची बाजू म्हणजे २ मधून √२ वजा करून पुन्हा वर्गमूळ, पंचकोनाची म्हणजे ५ मधून √५ वजा करून, निम्मं करून, पुन्हा वर्गमूळ. वर्गमुळांवर वर्गमुळं कितीही रचा, समीकरणाची पातळी २, ४, ८, १६ अशी दुपटीनंच वाढते. सप्तकोनाच्या पोटात मात्र घनसमीकरण निघतं: क्ष³ + क्ष² − २क्ष − १ = ०. इथली पातळी आहे ३, आणि दुप्पट-दुप्पट करत तीनवर कधीच पोचता येत नाही. नवकोनाचंही तेच. त्याला केंद्राशी ४० अंशांचा कोन लागतो, म्हणजे १२० अंशांचे तीन सारखे भाग. कोन दुभागायला कंपास तरबेज आहे, तिभागायला मात्र मोजके कोन सोडले तर तो हतबल आहे.

कार्ल फ्रिडरिख गाउस यानं ३० मार्च १७९६ रोजी, एकोणीस वर्षं पुरी व्हायच्या आत, याची दुसरी बाजू दाखवली. सतरा समान बाजूंची आकृती पट्टी-कंपासनं काढता येते! ग्रीकांपासून दोन हजार वर्षं हे कुणालाही सुचलं नव्हतं. बाजूंची संख्या मूळ असली की हिशेब असा: सतरातून एक गेला की सोळा, आणि सोळा म्हणजे नुसती दोनाची दुणी. चार वेळा वर्गमूळ घेतलं की काम झालं. पाचातून एक गेला की चार, तिथेही तसंच. सातातून एक गेला की सहा, आणि सहात तीन शिरलेला आहे. गाउसनं ही अट आपल्या १८०१ च्या पुस्तकात मांडली, आणि ही अट नसेल तर आकृती काढताच येत नाही याची काटेकोर सिद्धता पिएर वांट्झेल या फ्रेंच गणितज्ञानं १८३७ साली दिली. दहावीच्या पोराच्या हातातला कंपास सतरा बाजू काढू शकतो आणि सात काढू शकत नाही, हे पहिल्यांदा वाचलेल्या माणसाला पटत नाही. मलाही ते पटायला त्या घनसमीकरणापर्यंत जावं लागलं.

भास्कराचार्यांना ही अशक्यता माहीत होती असा माझा दावा नाही. त्यांनी तशी ती कुठे मांडलेली नाही, आणि ज्यांना आपल्या पूर्वजांना सगळंच आधी ठाऊक होतं असं सांगायला आवडतं त्यांच्या हाती हे उदाहरण मी देणार नाही. पण त्यांच्या यादीत जे घडलंय ते त्याहून मोलाचं आहे. ६०, ४५, ३६, ३० आणि साडेबावीस अंशांच्या ज्या त्यांना वर्गमुळांनी गाठता येत होत्या, म्हणून तिथले आकडे अखेरच्या अंकापर्यंत उतरले. २० अंशांना आणि २५ पूर्णांक ५/७ अंशांना वर्गमुळांची वाट नाही. तिथे जवळ जाऊन थांबण्यावाचून कुणालाच गत्यंतर नव्हतं. वांट्झेलनं जी सीमा पावणेसातशेहून जास्त वर्षांनी सिद्ध केली, ती या सात आकड्यांत अकरा-अकराच्या फरकानं आधीच उमटून गेली आहे. पाटणच्या मठात घोकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे सातही आकडे सारख्याच विश्वासानं पाठ केले असतील.

तो अकराचा फरक किती म्हणावा? तुमच्या सहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात एका बाजूमागे मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग. सात पावलं चालून फेरा पुरा केलात तर शेवटी तूट पडते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. पेन्सिलीची बारीक रेघही त्याहून जाड असते, म्हणजे त्यांचा सप्तकोन तुमच्या वहीत जुळलेलाच दिसेल. तुलनेसाठी कारागिरांमध्ये चालत आलेली एक रीत करून बघा: सप्तकोनाची बाजू म्हणून समभुज त्रिकोणाची निम्मी बाजू घ्या, म्हणजे ‘अक’चा अर्धा. कंपासनं ते चटकन होतं. पण सात पावलांनंतर पाऊण मिलिमीटरहून जरा जास्त फट राहते, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसते. भास्कराचार्यांचा आकडा त्याच्या नऊपट सरस आहे.

त्यांची तूट डोळ्यांना दिसायला हवी असेल तर वही पुरायची नाही, शेत लागेल. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून, नांगरून-वखरून सपाट झालेला साडेतीन-चार एकरांचा चौकोनी तुकडा गिरणेच्या काठी उन्हाळ्यात सहज मिळतो. मध्ये खुंटी ठोकून ६० मीटरची त्रिज्या घ्या. दोरी नको, ती ताणते. न ताणणारी तार किंवा पोलादी टेप घ्या. या मापात यादीतला एक आकडा म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. टेपवर ६० मीटर धरून षट्कोन आखा, सहावी बाजू पहिल्या खुंटीवर येऊन मिळेल. ७०.५३४ मीटर धरून पंचकोन आखा, दीड मिलिमीटरच्या आत मिळेल. चौकोन, त्रिकोण, अष्टकोन यांचंही तसंच. मग ५२.०५५ मीटर धरून सात बाजू आखत जा. सातवी बाजू पहिल्या खुंटीच्या साडेआठ सेंटिमीटर अलीकडे संपेल. ४१.०३१ मीटरनं नऊ बाजू आखल्यात तर अकरा सेंटिमीटर अलीकडे.